वाचोपचार व श्रवणविज्ञान : व्यवसाय व प्रशिक्षण

बोलणे, भाषा, आवाज व ऐकणे यांत येणाऱ्या दोषांचे निदान, मापन, उपचार आणि पुनर्वसन यांच्याशी संबंधित असलेली ही दोन संलग्न शास्त्रे होत. बोबडेपणा, तोतरेपणा, दुभंगलेल्या टाळूमुळे येणारे नाकातील बोलणे, मेंदूच्या इजेनंतरचा वाचाघात, आवाजाचे विकार, मुलांतील भाषेचा खुंटलेला विकास व अलीकडे गिळण्यातील दोष हे वाचोपचारतज्ज्ञाचे क्षेत्र आहे. श्रवणतज्ज्ञ ऐकण्याची क्षमता मोजतो, बहिरेपणाचा प्रकार व स्थान ठरवितो, योग्य श्रवणयंत्र निवडतो व ते वापरण्यास शिकवितो. व्यवहारात त्यांना स्पीच थेरपिस्ट व ऑडिओलॉजिस्ट असेच म्हटले जाते. कान-नाक-घसातज्ज्ञ हा वैद्य असून औषधे व शस्त्रक्रिया हे त्याचे काम. कर्णबधिर शाळेतील शिक्षकाचे काम अध्यापनाचे. श्रवणयंत्र विकणाऱ्याचे काम विक्रीचे. या तिघांमधील मोकळ्या जागेत हा व्यवसाय वाढला आणि त्याच्या इतिहासातील बहुतेक वाद या तीन सीमांवरच झाले.

सु. शंभर वर्षांत या व्यवसायाच्या कामाचे केंद्र सरकले आहे. दोष उघड दिसू लागल्यावर तो दुरुस्त करणे, हे पूर्वीचे काम होते. आता दोष उघड होण्यापूर्वीच तो हुडकून काढणे, हे मुख्य काम होऊन बसले आहे. प्रशिक्षणात वेळोवेळी झालेले फेरबदल या एका गोष्टीच्या आधारे नीट उलगडतात.

उगम : वाचेचा मेंदूतील विशिष्ट भागाशी असलेला संबंध फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रॉका यांनी १८६१ मध्ये व भाषेच्या आकलनाचा संबंध जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये दाखवून दिला [⟶ वाचाघात]. त्यामुळे बर्लिन व व्हिएन्ना येथे वाचादोषांचा अभ्यास वैद्यकाची शाखा म्हणून वाढला. एमिल फ्रोशेल्स यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये व्हिएन्ना येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ग्रेट ब्रिटनमध्ये मात्र या व्यवसायाची एक मुळी वक्तृत्व व उच्चारशुद्धी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या परंपरेत होती. पुढे सहावे जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या अडखळत्या बोलण्यावर १९२६ पासून उपचार करणारे लायोनेल लोग हे मूळचे ऑस्ट्रेलियातील वक्तृत्वशिक्षक होते. त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. १९४५ मध्ये तेथे वाचोपचारतज्ज्ञांचे महाविद्यालय म्हणून ओळखली जाणारी व्यावसायिक संस्था उभी राहिली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे शास्त्र मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतून, विशेषतः आयोवा विद्यापीठात, वाढले. कार्ल सीशोअर व ली ट्रॅव्हिस ही तेथील प्रमुख नावे. आज अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचे मूळ १९२५ मधील आहे.

आयोवातीलच एका प्रयोगाचा उल्लेख येथे केला पाहिजे. १९३९ मध्ये एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर तो करण्यात आला. व्यवस्थित बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुमच्या बोलण्यात दोष आहे’ असे वारंवार सांगून त्याचा परिणाम पाहणे, हा त्याचा एक भाग होता. मुलांच्या मनावर त्याचे दुष्परिणाम झाले व विद्यापीठाने २००१ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. तपासणाऱ्याचा शब्द हाही मुलाच्या आयुष्यात घडणारी एक घटना असते, याचे हे क्रूर उदाहरण व्यावसायिक नीतीच्या पाठात आजही सांगितले जाते.

श्रवणविज्ञानाचा उदय : वाचोपचारापेक्षा श्रवणविज्ञान वयाने लहान आहे व त्याचा जन्म युद्धातून झाला. दुसऱ्या महायुद्धात तोफा, स्फोट व विमानांची इंजिने यांमुळे हजारो सैनिकांचे कान निकामी झाले. पेनसिल्व्हेनियातील डेशॉन या लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी अशा सैनिकांसाठी मापन, श्रवणयंत्राची निवड, ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे व समुपदेशन यांची एकत्रित पद्धत बसविली. नुसते यंत्र हाती दिल्याने ऐकू येत नाही, यंत्रातून येणाऱ्या आवाजाची कानाला व मनाला सवय करावी लागते, हा अनुभव तेथून आला. युद्धानंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कारहार्ट यांनी या विषयाच्या उच्च शिक्षणाची घडी बसविली.

त्या काळातील मुख्य साधन म्हणजे शुद्ध स्वर ऐकविणारा श्रवणमापक. साधारणतः २५० ते ८,००० हर्ट्झ या कंप्रतांचे स्वर कमी-अधिक तीव्रतेने ऐकवायचे, ऐकू येताच रुग्णाने बोट वर करायचे व त्यांवरून आलेख काढायचा, अशी ही पद्धत आहे. प्रौढांसाठी ती आजही पायाभूत आहे. तिच्यात एकच मोठी अडचण आहे. तान्हे मूल बोट वर करीत नाही. त्यामुळे लहान मुलाची तपासणी खुळखुळा, टाळी किंवा घंटा वाजवून त्याने मान वळविली की नाही एवढे पाहण्यापुरती राही. बरीच बहिरी मुले सावली, वाऱ्याची झुळूक किंवा आईच्या चेहऱ्यावरील भाव पाहूनही मान वळवितात. साहजिकच ‘ऐकू येते’ असा निर्वाळा मिळे आणि मूल दोन-तीन वर्षांचे होऊनही बोलेना की मग शंका येई.

ही अडचण दोन शोधांनी दूर झाली. ध्वनी कानावर पडल्यानंतर पहिल्या १० मिलिसेकंदांत श्रवणतंत्रिका व मस्तिष्कस्तंभ यांत उठणाऱ्या विद्युत्‌लहरी डोक्याच्या त्वचेवरून नोंदता येतात, हे १९७१ मध्ये ज्यूएट व विलिस्टन यांनी सविस्तर दाखविले. निरोगी अंतर्कर्ण स्वतःच अतिशय क्षीण असा ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केंप यांनी लंडनमध्ये १९७८ मध्ये सिद्ध केले. कानाच्या नळीत बारीक ध्वनिग्राहक ठेवून झोपलेल्या बाळाची ही दुसरी चाचणी काही मिनिटांत होते. मात्र तीत अंतर्कर्णाची अवस्था कळते, पुढील तंत्रिकेची कळत नाही. ज्या बाळाला जन्मतः तीव्र कावीळ झाली होती किंवा जे दीर्घकाळ अतिदक्षता विभागात होते, त्याच्या अंतर्कर्णाचा प्रतिसाद उत्तम असूनही तंत्रिकेत दोष असू शकतो. अशा बाळासाठी पहिली चाचणी करावीच लागते. यंत्र ‘पास’ असे दाखविते. त्याचा अर्थ लावणे हे तज्ज्ञाचे काम होय. चाचणी करणारा तंत्रज्ञ व निदान करणारा श्रवणतज्ज्ञ यांतील हा फरक प्रशिक्षणाच्या दृष्टीने कळीचा आहे.

सहा महिन्यांच्या आत बहिरेपणा ओळखून मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस असते, असे अ. सं. सं. मधील कोलोरॅडो राज्यात झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एका महिन्याच्या आत चाळणी-चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान व सहा महिन्यांच्या आत उपचार, हा आज सर्वत्र मानला जाणारा दंडक त्यातूनच दृढ झाला. अंतर्कर्णात विद्युत्‌अग्रे बसविण्याच्या कॉक्लिअर इंप्लांट या शस्त्रक्रियेने त्याला आणखी धार आणली. बहुप्रवाही स्वरूपातील हे साधन ग्रेअम क्लार्क यांनी मेलबर्न येथे १९७८ मध्ये प्रथम बसविले. दोन वर्षांवरील मुलांसाठी त्यास अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया काही तासांची असते. त्यानंतर प्रत्येक अग्रातून किती विद्युत्‌प्रवाह द्यावा हे ठरविण्यासाठी श्रवणतज्ज्ञाकडे वारंवार फेऱ्या घालाव्या लागतात व ऐकलेल्या आवाजाची भाषा होण्यासाठी वाचोपचार वर्षानुवर्षे चालतात. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूतील श्रवणक्षेत्र आवाजाची अनिश्चित काळ वाट पाहत नाही. त्यामुळे येथे दोन वर्षांचा विलंब पुढे दुप्पट श्रम करूनही भरून निघेलच, असे नाही.

वाचोपचाराचे बदललेले क्षेत्र : आरंभीच्या पाठ्यपुस्तकांचा भर चुकीचा ध्वनी सुधारण्यावर होता. चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या १९३९ मधील ग्रंथाच्या नावातच वाचाशुद्धी हा शब्द आहे. १९६० नंतर भाषाविज्ञानाच्या प्रभावाने दृष्टी पालटली. ‘क’ ऐवजी ‘त’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा ज्याची वाक्येच तयार होत नाहीत ते मूल अधिक चिंतेचे आहे, हे ध्यानात आले. ब्रिटनमध्ये भाषावैज्ञानिक रँडॉल्फ क्वर्क यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्ये सादर केलेल्या अहवालाने या व्यवसायास पदवी-पातळीचे शिक्षण आवश्यक मानले. भाषावैज्ञानिकाने आरोग्यसेवेतील एका व्यवसायाचा पाया आखून द्यावा, ही घटना विरळाच. अमेरिकन संघटनेने १९७८ मध्ये आपल्या नावात ‘भाषा’ हा शब्द घातला. ब्रिटनमधील व्यवसायानेही १९९० च्या दशकात नावात तोच बदल केला.

यानंतरचा विस्तार अनपेक्षित दिशेने झाला. जीभ, टाळू, घसा व स्वरयंत्र यांचे स्नायू बोलण्यासाठी आणि गिळण्यासाठी एकच असतात. पक्षाघात, कंपवात किंवा घशाचा कर्करोग झालेल्या रुग्णाचा घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो व त्यातून जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. जेरी लोजमन यांच्या १९८३ मधील ग्रंथाने या क्षेत्राला शास्त्रीय बैठक दिली. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांखाली पाहणे, घासाची दाटी व रुग्णाच्या मानेची ठेवण ठरविणे, तोंडाने अन्न द्यावे की नळीने याबद्दल मत देणे, हे वाचोपचारतज्ज्ञाचे नित्याचे काम झाले. ज्याच्या प्रशिक्षणात एकेकाळी चित्रांची पुस्तके व आरसा होता, त्याला आता अतिदक्षता विभागातील खाटेपाशी उभे राहण्याइतके शरीरक्रियाविज्ञान यावे लागते. स्वमग्न मुलांसाठी चित्रफलक व संगणकीय साधने वापरून पर्यायी संवाद शिकविणे, हे आणखी एक नवे क्षेत्र.

परदेशांतील प्रशिक्षण : अ. सं. सं. मध्ये वाचोपचारासाठी पदव्युत्तर पदवी लागते. श्रवणविज्ञानासाठी मात्र १९९० च्या दशकात स्वतंत्र व्यावसायिक डॉक्टरेट सुरू झाली व आज नव्याने येणाऱ्यास तीच घ्यावी लागते. या बदलामागे शास्त्राच्या वाढीबरोबर प्रतिष्ठेची ओढही होती, हे नाकारता येत नाही. श्रवणयंत्र विकणाऱ्याने ते निवडण्याचा सल्ला देऊ नये, या तत्त्वाने अमेरिकन संघटनेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्या सदस्यांना नफ्यासाठी श्रवणयंत्रे विकण्यास मनाई केली होती. ती उठल्यावर बसविणारा व विकणारा एकच झाला. २०२२ पासून तेथे सौम्य व मध्यम बहिरेपणाच्या प्रौढांना तपासणीविना दुकानातून यंत्र घेता येते. यंत्र विकण्यावर उभा असलेला व्यवसाय यामुळे डळमळतो. निदान व पुनर्वसन यांवर उभा असलेला तितका डळमळत नाही.

भारत व महाराष्ट्र : भारतात या क्षेत्राची सुरुवात शिक्षकांनी केली. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांसाठी शाळा निघाली. तज्ज्ञांच्या विद्यापीठीय प्रशिक्षणाला मात्र १९६० चे दशक उजाडावे लागले. मुंबईच्या नायर रुग्णालयातील विभाग हा त्यांपैकी आरंभीचा होय. म्हैसूर येथे केंद्र शासनाची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली; आज ती ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग या नावाने प्रसिद्ध आहे. वांद्रे (मुंबई) येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निघाली. पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला व तेव्हापासून अभ्यासक्रमांना मान्यता देणे व व्यावसायिकांची नोंदणी करणे ही कामे त्या परिषदेकडे आली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पदवी अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. आज तो चार वर्षांचा असून अखेरचे वर्ष आंतरवासितेचे असते. दोन्ही शास्त्रे त्यात एकत्र शिकविली जातात व पदव्युत्तर पातळीवर अनेक संस्थांत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. एक वर्षाच्या पदविकाधारकांनी साहाय्यक म्हणून काम करावे अशी योजना आहे. दोन्ही शास्त्रांची ही जोडी भारताच्या परिस्थितीला मानवणारी आहे. तालुक्याच्या गावी एकच तज्ज्ञ मिळण्याची शक्यता असेल, तर त्याला कान व जीभ दोन्ही कळलेली बरी. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सु. ५० लाख ७१ हजार व वाचादोष असलेल्यांची सु. २० लाख नोंदली गेली. या आकड्यांपुढे प्रशिक्षित मनुष्यबळ फार थोडे असून तेही मोठ्या शहरांत एकवटलेले आहे.

मराठीचा प्रश्न : श्रवणमापकाचा स्वर कोणत्याही देशात तोच असतो, भाषा मोजण्याचे माप मात्र त्या त्या भाषेतच घडवावे लागते. शिक्षण इंग्रजीत, पाठ्यपुस्तके अमेरिकन व समोरचे मूल मराठी, अशा स्थितीत विद्यार्थी तयार होतो. शब्द ऐकवून श्रवण मोजताना इंग्रजीत दोन्ही अवयवांवर सारखा आघात असलेले द्व्यवयवी शब्द वापरतात. मराठीत आघाताचे तसे कार्यच नसल्याने त्या यादीचे भाषांतर निरर्थक ठरते व नव्याने शब्द निवडावे लागतात. ‘जग’ म्हणजे विश्व व ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ वेगवेगळे आहेत. ‘चार’ व ‘चारा’ यांतील ‘च’ही तसेच. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. त्यामुळे छापील यादी पाहून तपासणाऱ्या अमराठी विद्यार्थ्याला मुलाची चूक कळत नाही, किंवा चूक नसताना दिसते.

बोलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, अनेक ग्रामीण बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. हा दोष नव्हे. ते त्या घरचे शुद्ध बोलणे होय. पुण्या-मुंबईकडच्या उच्चारांचे माप लावून अशा मुलाला उपचारासाठी बसविणे म्हणजे निरोगी माणसाला औषध देणे. भाषेच्या विकासाची परीक्षा मराठीत सामान्यरूपे व क्रियापदाचा मेळ यांत होते. ‘माणूस’चे ‘माणसाला’ कधी होते, ‘आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले’ यांतील तीन लिंगांचा भेद मूल कोणत्या वयात साधते, हे इंग्रजीवर बेतलेली कोणतीही चाचणी विचारीत नाही. मुंबईतील वाचाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत तर घरी मराठी, बाजारात हिंदी व कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषा तपासाव्या लागतात, कारण त्या तिन्ही सारख्याच प्रमाणात परत येतील असे नसते. म्हैसूर व मुंबई येथील संस्थांतून भारतीय भाषांतील चाचण्यांवर काम झालेले आहे. तथापि मराठी भाषाविज्ञान हा महाराष्ट्रातील प्रशिक्षणात नावापुरता न राहता मुख्य विषय व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खुणांच्या भाषेबद्दल या व्यवसायाची वृत्ती दीर्घकाळ प्रतिकूल होती. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकपरिषदेने मौखिक पद्धतीचा पुरस्कार करून खुणांना शाळेबाहेर काढले व त्याची छाया वाचोपचारावरही पडली. बधिर समाजाने त्यावर केलेली टीका योग्य होती. ज्या मुलाला यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही, त्याला कोणतीच भाषा न मिळणे ही सर्वांत मोठी हानी असते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. वाचोपचारतज्ज्ञाने या भाषेचा परिचय करून घेणे आता अपरिहार्य मानले पाहिजे.

शासकीय योजना व सद्यःस्थिती : बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६–०७ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथून झाला. जन्मजात बहिरेपणा हा त्यातील तपासणीचा एक विषय असून संशयित बालकांना जिल्हा केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. केंद्र शासनाच्या साधन-साहाय्य योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इंप्लांटचा समावेश झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांत ७० डेसिबेलांची हानी अशी केली. प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या मापनात सरकारी रुग्णालयांतील श्रवणतज्ज्ञाचा बराच वेळ जातो. त्यातून उपचारासाठी उरणारा वेळ पुरत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढणाऱ्या कामगारांच्या कानांकडे तर क्वचितच कोणी पाहते. २०२० मधील साथीनंतर दूरध्वनी व चित्रसंवाद यांद्वारे उपचार रूढ झाले आणि ग्रामीण कुटुंबांचा प्रवास काही अंशी वाचला.

शस्त्रक्रियेचा खर्च शासनाने दिला, तरी बाहेरील यंत्राच्या बॅटऱ्या, तारा व दुरुस्ती यांचा खर्च आणि शहराच्या फेऱ्या कुटुंबाकडेच राहतात. काही घरांत त्यामुळे यंत्र कपाटात पडून राहते. म्हणून उपचारांचा मोठा भाग आता आई-वडिलांच्या प्रशिक्षणाचा असतो. यंत्राची रोजची तपासणी कशी करावी, भाकरी थापताना, न्हाऊ घालताना, शेळीला पाला टाकताना मुलाशी कोणते शब्द किती वेळा बोलावेत, त्याने उत्तर द्यावे म्हणून किती थांबावे, हे तज्ज्ञ आईला शिकवितो व पुढील भेटीत मुलाबरोबर तिच्याही बोलण्याची नोंद करतो.